परत येणारा निरोप
नांदेड-लातूर परिसरातील कर्करोग तपासणी : एक आढावा

जुलै २०२५मध्ये आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधान परिषदेत हिंगोली जिल्ह्याची आकडेवारी मांडली. त्या वर्षीच्या ८ मार्चपासून तिथे ‘संजीवनी’ ही मोहीम सुरू होती. प्रश्नावली घेऊन कर्मचारी २,९२,९९६ महिलांपर्यंत पोहोचले होते. त्यांपैकी १४,५४२ जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणे दिसली. पुढच्या तपासण्यांत तोवर तिघींना गर्भाशयमुखाचा, एकीला स्तनाचा आणि आठ जणींना तोंडाचा कर्करोग असल्याचे नक्की झाले होते. म्हणजे एकूण १२. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र साडेचौदा हजारांचा आकडा ठळक झाला आणि हिंगोलीत कर्करोगाची साथ आली की काय, असा घोर पंचक्रोशीला लागला.

हिंगोली ही नांदेडची शेजारीण. बोली एक, पिके एक, सोयरिकी एकमेकींत. तिथे झाले ते नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतही तसेच होऊ शकते. म्हणून हे दोन आकडे नीट वाचायला हवेत. १४,५४२ जणींनी कुठल्या तरी प्रश्नाला ‘हो’ म्हटले होते: अंगावरून पांढरे जाते, छातीत गाठ लागते, तोंडातली जखम भरत नाही. यांतल्या बहुतेक तक्रारींमागे जंतुसंसर्ग, साधी गाठ किंवा दाताचे टोक असते. तरीही यांतली एकही तक्रार तशीच सोडून देण्यासारखी नसते. त्या बायांपैकी किती जणी पुढच्या तपासणीला पोहोचल्या, किती जणींना ‘तुला काही नाही’ असे कुणी घरी येऊन सांगितले आणि किती जणी आजही तो घोर उरात घेऊन जगत आहेत, हा खरा प्रश्न आहे. १४,५४२ आणि १२ यांच्यामध्ये एक लांब वाट आहे. मराठवाड्यात कर्करोग तपासणीचे यशापयश त्या वाटेवर ठरते. या लेखात ती वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायची आहे.

चाळणी आणि निदान

आधी एक घोटाळा दूर करू. ज्याला काहीच त्रास नाही अशा माणसाची तपासणी ही चाळणी. ज्याला त्रास सुरू झाला आहे त्याचा आजार लवकर ओळखणे हे वेळेवरचे निदान. पहिल्यात आपण निरोग्याच्या दारात जातो, दुसऱ्यात आजारी माणूस आपल्या दारात येतो. शिबिरांत दोन्हींची सरमिसळ होते. त्यामुळे ज्या बाईला सहा महिने रक्तस्राव होतो आहे तीही त्याच रांगेत उभी राहते आणि जिला काहीच होत नाही तीही. पहिलीला त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ हवा असतो. दुसरीला पुरती निर्वेध वेळ आणि आडोसा.

देशाचे चित्र थोडक्यात असे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे कर्करुग्ण आढळतात आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू होतात. त्यांत स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार, तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४४ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण. हे तिन्ही कर्करोग डोळ्यांनी आणि हातांनी तपासता येण्याजोग्या जागी होतात. म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१६च्या आराखड्यात ३० वर्षांवरील प्रत्येकाची या तिन्हींसाठी दर पाच वर्षांनी तपासणी ठरवली गेली. प्रत्यक्षात काय घडले? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. स्तनाची ०.९ टक्के. तोंडाची तपासणी झालेले पुरुष १.२ टक्के.

हे आकडे पाहून ‘आपल्या बायका पुढे येत नाहीत’ असे म्हणण्याचा मोह होतो. हे म्हणणे खरे नाही, याचा पुरावा लातूरच्या शिवेवरच आहे.

बार्शीने काय दाखवले

लातूर जिल्हा १९८२मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला लागून सोलापूर जिल्ह्यातले बार्शी. एके काळी बार्शी लाइट रेल्वेने लातूरशी जोडलेले हे व्यापारी गाव. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली गावे तिच्यात होती.

शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवरून होते. खेड्यात कागदच नव्हते, कारण रुग्ण रुग्णालयात पोहोचतच नसे. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, दाई, पारावरचे म्हातारे यांच्याशी बोलायचे, लक्षणे सांगायची, कुणाला असा त्रास आहे का विचारायचे, असेल तर रुग्णालयापर्यंत सोबत करायची आणि काही महिन्यांनी पुन्हा त्याच गावात जायचे. त्यांचे काम मोजणीचे होते. पण या येण्याजाण्यातून काही वर्षांत एक वेगळीच गोष्ट घडली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडले. तिथे महागडे यंत्र आले नव्हते. तीच ओळखीची माणसे गावात पुन्हा पुन्हा येत होती, एवढेच.

त्याच पायावर पुढचे मोठे काम उभे राहिले. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑन येथील जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक चाचणी-अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला आम्लाचा फाया लावून डोळ्यांनी तपासणी आणि चौथ्याला फक्त माहिती. तपासणीला बोलावलेल्या दर दहा बायांमागे जवळपास आठ जणी आल्या. दुष्काळी पट्ट्यातल्या, बहुतांश शेतात राबणाऱ्या, बऱ्याचशा निरक्षर असलेल्या. हे प्रमाण देशाच्या १.९ टक्क्यांशेजारी ठेवून पाहावे. बाई तीच आहे. फरक आहे बोलावण्यात, आणि बोलावल्यानंतर मिळणाऱ्या वागणुकीत.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, एप्रिल २००९मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी या कर्करोगाने ३४ जणी दगावल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींपैकी ६४. पुढच्या टप्प्यात गेलेले कर्करोग पहिल्या गटात ३९, चौथ्या गटात ८२. म्हणजे एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जिच्यात विषाणू आढळला नाही तिला पुढची कित्येक वर्षे हा कर्करोग होण्याची शक्यता फारच थोडी, हेही दिसले. ग्रामीण बाईच्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे, कारण रोजगार बुडवून दर वर्षी यायला तिला परवडत नाही.

आम्लाच्या तपासणीने उस्मानाबादेत मृत्यूंमध्ये ठळक फरक पडला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात मात्र तीच तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात हातांनी केलेल्या स्तन तपासणीचे २० वर्षांचे निष्कर्ष २०२१मध्ये आले. कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागले आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. साधी तपासणीही काम करते, पण ती सरावलेल्या हातांनी आणि पुन्हा पुन्हा व्हावी लागते. वर्षातून एकदा लागणाऱ्या मंडपातून हे साधत नाही.

या अभ्यासांवर गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते विसरता कामा नयेत. तपासणीने जीव वाचतात याचे पुरावे जगात असताना चौथ्या गटातल्या हजारो स्त्रियांना तपासणीविना का ठेवले? त्यांना पुरते समजावून संमती घेतली होती का? मुंबईच्या अभ्यासातील संमतीची माहिती अपुरी होती, असे अमेरिकेच्या शासकीय यंत्रणेनेही नोंदवले. त्या वेळी ग्रामीण भारतात कुणालाच तपासणी मिळत नव्हती, असे संशोधकांचे उत्तर होते. मला वाटते, हा वाद एका बाजूने मिटण्यासारखा नाही. पण त्यातून एक ऋण मात्र निश्चित उरते. उस्मानाबादच्या त्या ६४ बायांच्या मरणातून जगाला जे कळले, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या धोरणात पोहोचले. संघटना आज ३५व्या आणि ४५व्या वर्षी भरवशाच्या चाचणीची शिफारस करते. लातूर आणि नांदेडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आजही कार्यक्रमाचा भर आम्लाच्या फायावरच आहे. ज्या मातीने जगाला उत्तर दिले, त्याच मातीत ते उत्तर पोहोचलेले नाही.

‘दुखत नाही, मग कशाला?’

कर्करोगाबद्दल आपल्याकडे बोलले जात नाही, असे म्हणतात. ते अर्धे खरे आहे. बोलले जाते, पण आडून. आजाराचे नाव न घेता ‘तो आजार’, ‘मोठा आजार’ म्हणतात. ‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’ हा शब्दखेळ तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ‘तुकडा काढला की पसरतं’, ‘चाकू लागला की माणूस जातो’ या समजुतींमागे अनुभव आहे. रुग्ण शेवटच्या टप्प्यात जातो, तिथे तुकडा तपासायला घेतात, दोन महिन्यांत तो जातो. घरच्यांना तुकडा आणि मरण यांचाच संबंध दिसतो. त्याआधी गेलेली दोन वर्षे कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत.

स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि आपल्या कष्टकरी घरांत दुखण्याशिवाय दवाखाना ही कल्पनाच नाही. जे दुखते त्यालाही ‘अंगावर काढणे’ हा बायांचा धर्म मानला गेला आहे. ‘अंगावरून पांढरं जातं’ ही तक्रार इतकी सर्वसाधारण, की तिला तक्रार म्हणावे असेही वाटत नाही. पाळी गेल्यानंतर पुन्हा लाल दिसले, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त आले, तर सांगायचे कुणाला? आरोग्यकेंद्रात पुरुष डॉक्टर, घरात सासू. प्रश्नावलीतला हा प्रश्न अंगणात चार माणसांत विचारला, तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. तेच आशाताईने चुलीपाशी बसून, ‘पिशवीच्या तोंडाला काही त्रास हाय का गं?’ असे विचारले तर कदाचित ‘हो’ येईल. ‘गर्भाशयमुख’ हा शब्द भिंतीवरच्या फलकाला शोभतो. बाईच्या ओठांवर ‘पिशवीचं तोंड’च येते.

या भीतीचा गैरफायदा घेतला जातो तेव्हा काय होते, ते बीडने दाखवून दिले. ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये पुढे आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीतही उसाच्या फडात राबावे लागणे, खाडा केला तर मुकादमाचा दंड, आडोसा नाही, पाणी नाही, ही त्यामागची मोठी कारणे. पण अनेकींनी आणखी एक कारण सांगितले: ‘पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल, असं डॉक्टर म्हणाले.’ पुरती तपासणी न करता दाखवलेली भीती.

जनजागृतीचे काम करणाऱ्या प्रत्येकाने बीडची ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कर्करोगाची धास्ती वाढवली आणि स्वस्त, सोपी, जवळची तपासणी दिली नाही, तर त्या धास्तीचा धंदा दुसरा कुणीतरी करतो. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या तालुक्यांतूनही माणसे ऊसतोडीला जातात. भिंतीवर ‘कर्करोग जीवघेणा आहे’ एवढेच लिहून तिथल्या बाईचे भले होणार नाही. ‘पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची नसते, आधी तपासायचं असतं, बहुतेक वेळा गोळ्यांनी भागतं’ हे तिला कुणीतरी तोंडी सांगायला हवे.

पुरुष कुठे आहेत?

कर्करोगाची मोहीम म्हटली की बायांची रांग डोळ्यांपुढे येते. २०२२च्या नवरात्रातली ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ आणि १७ सप्टेंबर २०२५पासूनची ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ ही अभियाने महिलांसाठी होती आणि ती हवीच होती. पण तोंडाचा कर्करोग इथल्या पुरुषांच्या तळहातावर मळला जातो. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. त्यांतले बहुतेक, म्हणजे २४.४ टक्के, न ओढता चघळण्याच्या किंवा लावण्याच्या रूपात. राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे. पण नांदेडची शीव तेलंगणाला आणि कर्नाटकाला लागलेली, लातूरची बिदरला. पुडी बंद होत नाही, फक्त काउंटरच्या खाली जाते. बाया मिश्री लावतात आणि तिला व्यसन न म्हणता दात घासणे म्हणतात. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्या मनापासून ‘नाही’ म्हणतात, आणि नोंदीत त्या बिनधोक ठरतात.

तोंडाची तपासणी सर्वांत सोपी. बॅटरीचा उजेड आणि पाच मिनिटे. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट न सोसणे, तोंड पुरते न उघडणे ही लक्षणे. आपलीच तीन बोटे उभी करून तोंडात जातात का, हे कुणालाही आरशापुढे पाहता येते. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी अशी तपासणी केली, तेव्हा तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, हे २००५मध्ये सिद्ध झाले आहे.

पण पुरुष केंद्रात येत नाही. तो मोंढ्यात असतो, एमआयडीसीत असतो, एसटी डेपोत, रिक्षा थांब्यावर, कटिंगच्या दुकानात असतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत असतो. मराठवाड्यातला हा सर्वांत मोठा जनावरांचा बाजार. तिथे बैल घेताना गडी त्याचे तोंड उघडून दात मोजतो. त्याच यात्रेत स्वतःचे तोंड उघडून दाखवायला त्याला पाच मिनिटे लागणार नाहीत, जर दंतवैद्यकाचे विद्यार्थी बॅटरी घेऊन बाजाराच्या ओळीत उभे राहिले तर.

वाट कुठे तुटते

आजची शासकीय साखळी कागदावर नेटकी आहे. आशाताई घरोघर ‘सीबॅक’ फॉर्म भरते. वय, तंबाखू, कंबरेचा घेर, लक्षणे. गुण चारांपेक्षा जास्त आले की ती त्या माणसाला आरोग्यवर्धिनीत, आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, पाठवते. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी तोंड आणि स्तन तपासतात, सोय असेल तिथे आम्लाची तपासणी होते. संशय आला की ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. कर्करोगाचे विशेष उपचार छत्रपती संभाजीनगरच्या राज्य कर्करोग संस्थेत. खासगी धर्मादाय बाजूला लातूरच्या विवेकानंद रुग्णालयाची परंपरा आहे. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६मध्ये सुरू केलेल्या या संस्थेने पुढे कर्करोग उपचारही हाती घेतले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचारांचा खर्च मिळतो.

ही साखळी कुठे तुटते ते प्रत्यक्ष वाटेवर कळते. किनवटच्या एखाद्या तांड्यावरची बाई धरू. आरोग्य मंदिरात तिला सांगितले, ‘नांदेडला दाखवा.’ सव्वाशेहून अधिक किलोमीटर. दिवसाची मजुरी गेली, सोबत्याचीही गेली. तिथे तुकडा काढला, ‘आठ दिवसांनी रिपोर्टला या.’ पुन्हा तेच भाडे. रिपोर्टमध्ये आजार निघाला तर पुढे संभाजीनगर, आणखी अडीचशे किलोमीटर, किंवा हैदराबाद, किंवा रात्रीच्या गाडीने मुंबई आणि टाटा. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटात उपचार घेणाऱ्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना ती आसरा देते. योजनेच्या कार्डात शस्त्रक्रिया बसते, किरणोपचार बसतो. सोबतच्या माणसाचा बुडालेला हंगाम बसत नाही. म्हणून बाई रिपोर्ट घ्यायलाच जात नाही. दप्तरी ‘पाठपुराव्यात आढळली नाही’ अशी नोंद होते. खरे तर पाठपुरावाच तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

दुसरी तूट आहे निरोपाची. तपासणीत काही निघाले नाही, हेही बाईला सांगायचे असते. शिबिरात तपासून गेलेल्यांना बहुधा एवढेच सांगितले जाते, ‘काही असलं तर फोन येईल.’ फोन येत नाही. म्हणजे काही नाही, की फोन लागला नाही? नवऱ्याचा नंबर दिला होता, तो पुण्याला. ब्रिटनमध्ये १९८८पासून गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी प्रत्येक बाईला पत्राने बोलावणे येऊ लागले आणि निकालही तिला कळवला जाऊ लागला, चांगला असो वा वाईट. तिथल्या यशात यंत्रांइतकाच त्या पत्राचा वाटा आहे. आपल्याकडे पत्राची जागा आशाताई घेऊ शकते. पण फॉर्म भरण्यासाठी तिला पाठवणारी यंत्रणा निकाल घेऊन तिला पुन्हा त्याच दारात पाठवत नाही. तिच्या मोबदल्याच्या तक्त्यात सर्वांत कमी मोल दुसऱ्या फेरीला आहे. मानधनासाठी राज्यातल्या आशांनी २०२३च्या अखेरीला संप केला. त्या मागणीकडे केवळ पगाराचा प्रश्न म्हणून पाहणे चूक ठरेल, कारण कर्करोगाचा पाठपुरावा याच पायांवर उभा आहे.

तिसरी तूट मोजणीची. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२०च्या अहवालात उस्मानाबाद-बीड जिल्ह्यांचा दर देशात सर्वांत कमी दिसतो: पुरुषांमध्ये लाखामागे ३९.५, तर मिझोरमच्या ऐझॉलमध्ये २६९.४. खेड्यांत कर्करोग खरोखर कमी असेल. पण जो आजार ओळखलाच गेला नाही तो नोंदीत येत नाही, हेही तितकेच खरे. त्या अहवालातल्या नोंदणी केंद्रांच्या यादीत नांदेड आणि लातूर ही नावेच नाहीत. या दोन जिल्ह्यांतले रुग्ण कोणत्या टप्प्यात निदानाला येतात हे मोजल्याशिवाय एखादी मोहीम फळली की नाही, हे सांगता येणार नाही. बार्शीने सुरुवात मोजणीपासून केली होती, हे इथे आठवावे.

काय करता येईल

पहिली गोष्ट, बार्शीच्या पट्ट्याचे ऋण फेडण्याची. एचपीव्ही चाचणी आता परदेशी आणि महाग राहिलेली नाही. २०२५मध्ये देशी बनावटीच्या चाचण्यांची पडताळणी झाली. त्यांतली गोव्याच्या मोल्बिओ कंपनीची चाचणी ट्रूनॅट यंत्रावर चालते आणि क्षयरोगासाठी ही यंत्रे सरकारी दवाखान्यांत आधीच आलेली आहेत. शिवाय या चाचणीसाठी बाईला टेबलावर झोपावेच लागते असे नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२पासून प्रत्येक स्त्रीला आपला नमुना आपणच घेण्याची मुभा दिली. लाज हा आपल्याकडचा मोठा अडसर. कापसाची कांडी हाती देऊन बाईला न्हाणीत जाऊ दिले, तर तो अडसर बराचसा दूर होईल. सुरुवात दोन तालुक्यांपासून करावी: नांदेडमधला मुखेड आणि लातूरमधला जळकोट.

दुसरी गोष्ट वेळेची. ऊसतोडीची माणसे दिवाळीनंतर जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्या गावी डिसेंबरात मोहीम काढणे म्हणजे कुलपांची तपासणी. दसऱ्याआधी, टोळीचा करार होत असतानाच, तपासणी व्हावी आणि तिचा निकाल टोळी निघण्यापूर्वी हाती पडावा. गावातच राहणाऱ्यांसाठी संक्रांतीचे हळदीकुंकू, बचत गटाची मासिक बैठक, शाळेच्या पालक सभा ही बायांनी स्वतः जमवलेली ठिकाणे आहेत. तिथे विधवा आणि एकट्या बायांनाही आवर्जून बोलवावे. हळदीकुंकवाने ज्यांना दारात थांबवले त्यांना तपासणीनेही थांबवू नये.

तिसरी गोष्ट, बोलणाऱ्यांची. गाडगेबाबा कीर्तनात समोर बसलेल्यांना प्रश्न विचारायचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. लोकसहभाग हा शब्द सरकारी टिपणांत येण्याच्या कितीतरी आधी ती रीत या मातीत होती. आज कर्करोगातून बरे झालेल्या बाया-पुरुषांनी आपल्या गावात उभे राहून बोलायला हवे. ‘मला झाला होता, लवकर सापडला, बरी झाले’ हे एक वाक्य शंभर फलकांना भारी आहे, कारण ‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’ला समोर उभा असलेला जिवंत माणूसच खोटे पाडू शकतो. मात्र कुणाला भाग पाडू नये. आजार उघड झाला की मुलीचे लग्न अडते, ही भीती अजून खरी आहे.

चौथी गोष्ट, मुलींची. एचपीव्ही लसीच्या एका मात्रेनेही चांगले संरक्षण मिळते, हे जगाला ज्या भारतीय अभ्यासातून कळले, त्याच्या केंद्रांत बार्शीही होते. पुण्याच्या सीरम संस्थेची सर्व्हाव्हॅक लस २०२३पासून उपलब्ध आहे. २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी या लसीला चालना देण्याची घोषणा झाली. लेकीच्या लशीबद्दल बोलायला बोलावलेली आई स्वतःच्या तपासणीबद्दलही विचारते. एकाच बैठकीत दोन पिढ्यांचे काम होते.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यावाचून वरच्या चारही व्यर्थ आहेत. मोहीम सुरू करण्याआधी तिच्या शेवटच्या पायरीची तजवीज करावी. जितक्या बायांना प्रश्न विचारणार, त्यांतल्या सुमारे पाच टक्के ‘हो’ म्हणणार, हे हिंगोलीने सांगितले आहे. तितक्या जणींना महिन्याच्या आत तपासायला तालुक्याच्या ठिकाणी ठरलेला वार, स्त्री डॉक्टर, जाण्यायेण्याचे भाडे आणि रिपोर्ट गावातच पोहोचवण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर गावे कमी घ्यावीत, पण घेतलेल्या गावात काम पुरते करावे.

आपल्याकडे मोहिमांचे यश किती दारांच्या कड्या वाजवल्या यावर मोजले जाते. दोन लाख, तीन लाख. यापुढे त्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना आखावा: किती दारांची कडी दुसऱ्यांदा वाजली. पहिल्यांदा आशाताई प्रश्न घेऊन आली होती. दुसऱ्यांदा ती उत्तर घेऊन येईल. बहुतेक घरांत ते उत्तर ‘काही नाही, पाच वर्षांनी पुन्हा येते’ एवढेच असेल. उरलेल्या थोड्या घरांत ते असेल ‘उद्या सकाळच्या गाडीने निघू, मी संगं येते’.